बाथरूममधली दोन चाकं

मोटारसायकलचं चाक दिसतं त्यापेक्षा बरंच जड असतं. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. ज्यांनी मोटारसायकलचं मागचं चाक चादरीत गुंडाळून, पोटाशी कवटाळून, कुणालाही चाहूल लागू न देता तीन मजले वर नेलेलं नाही, त्यांनी या विषयावर माझ्याशी वाद घालू नये. पुढचं चाक त्या मानानं सज्जन असतं. मागच्याला साखळीसाठी दाते असतात आणि ते नेमके बरगडीत बसतात.

चाकं माझी नव्हती. मोटारसायकल माझ्या सासऱ्यांची, म्हणजे चाकंही त्यांचीच. मला मोटारसायकल चालवताही येत नाही. माझ्याकडे बिनगिअरची स्कूटर आहे. सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बरी आहे, जावईबापू. पिशव्या अडकवायला सोय चांगली केलीय." तेव्हापासून आमच्यात वाहन या विषयावर बोलणं झालेलं नाही. तसं इतर विषयांवरही फारसं होत नाही.

तर अशा स्कूटरवाल्या माणसावर ही वेळ का यावी? आदल्या दिवशी आम्ही तिघं वाहन कार्यालयात गेलो होतो. जुन्या गाड्यांची तिथं तपासणी होते आणि पास झाली तरच गाडी पुढं रस्त्यावर चालवता येते. "तूच चालव, माझी कंबर धरलीय," असं सासरे लेकीला म्हणाले, म्हणून मोटारसायकल बायकोनं चालवली, सासरे तिच्यामागं बसले, आणि मी मागून स्कूटरवर, वरातीच्या शेवटी असतो तसा.

तपासनीस उकिडवा बसला. त्यानं मागच्या चाकाच्या तारेवरून एक बोट फिरवलं. काळंकुट्ट झालेलं ते बोट आधी मला दाखवलं, मग सासऱ्यांना, मग स्वतः बराच वेळ पाहिलं आणि आमच्याच सीटला पुसलं.

"ह्या मळाखाली चाक आहे असं तुमचं म्हणणं आहे ना?" त्यानं मला विचारलं.

मलाच का? मालक शेजारी उभे होते, मालकांची मुलगी शेजारी उभी होती. पण कुठंही मळ दिसला की लोक माझ्याकडे बघतात.

"जुनी गाडी आहे," तो म्हणाला. "तारांना गंज चढलाय का, रिमला तडा गेलाय का, हे मला दिसायला नको? साफ करून आणा. उद्या चारला खिडकी बंद. परवापासून हिची मुदत संपली."

"संपली म्हणजे?"

"म्हणजे भंगारात घालायची."

मी कार्यालयात काम करणारा माणूस. मुदत म्हटली की मला मुदतवाढ आठवते. मी तसं नम्रपणे सुचवलं. मुदतवाढीच्या अर्जाची मुदत गेल्या महिन्यातच संपली होती.

 सासरे दोन्ही हात खिशात घालून चाकाकडे बघत राहिले. निघताना फक्त म्हणाले, "मी करतो साफ."

वास्तविक हा माणूस दर रविवारी चाकं पुसायचा. त्यासाठी एक मऊ, जुनं फडकं होतं आणि त्याला हात लावायची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. मी एकदा त्या फडक्यानं स्कूटरचा आरसा पुसला तर सासऱ्यांनी ते दोनदा धुतलं होतं. पण गेले कित्येक महिने ते रविवारी खाली जायचे, उभ्या मोटारसायकलवर नुसते बसायचे आणि वर यायचे. मला वाटलं, कंटाळले असतील. खरं सांगायचं तर मला त्यात थोडं बरंही वाटलं होतं.

संध्याकाळी बायकोनं मला खुणेनं स्वयंपाकघराच्या खिडकीशी बोलावलं. खाली सासरे चाकापाशी बसले होते. त्यांच्या हातातून फडकं पडलं. त्यांनी उचललं. परत पडलं. मग त्यांनी एका हातानं दुसरा हात धरून पुसायचा प्रयत्न केला, आणि तोही जमेना तेव्हा दोन्ही हात खिशात घातले आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं. आम्ही दोघं पटकन खिडकीखाली बसलो.

"हात थरथरतात त्यांचे," बायको जमिनीवर बसल्याबसल्या म्हणाली. "हल्ली पेला अर्धाच भरून घेतात. मला वाटायचं, तहान कमी झालीय."

 मला तर पेलाही दिसला नव्हता.

"मी त्या गाडीवर शिकले. आई त्याच गाडीवर मागं बसायची," ती म्हणाली. "ती भंगारात गेली ना, तर बाबा खुर्चीत बसतील आणि परत उठायचे नाहीत. तू कर साफ. पण त्यांना कळू देऊ नकोस. सकाळी ते वाचनालयात गेले की जेवायलाच येतात. तेवढ्या वेळात कर. दुपारी मी कामावरून लवकर येते आणि त्यांना घेऊन जाते. ते आले की सांगू, गॅरेजवाल्यानं केलं म्हणून."

"मी?" मी म्हणालो.

"मग कोण? माझी सुट्टी आजच संपली."

आता वाचक म्हणतील, खरोखरच गॅरेजवाल्याकडं का नाही नेली? विचारून पाहिलं होतं. गाड्या धुणाऱ्या तिघांकडं मी त्याच संध्याकाळी जाऊन आलो. आमच्या भागात त्या दिवसांत पाण्याची इतकी ओरड होती की तिघांनीही फळ्या लावल्या होत्या. आणि घरी, इमारतीच्या आवारात, मी ती धुऊ शकत नव्हतो. कारण तसा नियम होता. नियम मी केला होता.

त्याचं असं झालं की, इमारतीची पाणी समिती नेमली तेव्हा मी एकमतानं अध्यक्ष झालो. (दुसरं कुणी तयार नव्हतं.) माझा हातखंडा परिपत्रकांत. कार्यालयात मी तेच लिहितो. माझ्या परिपत्रकात पळवाट सापडली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. ते वाचलं असंही फारसं कुणी म्हटलेलं नाही, असं बायकोचं म्हणणं आहे. तर मी नियम लिहिला: 'कोणत्याही वाहनाचा कोणताही भाग इमारतीच्या पाण्याने आवारात, जिन्यात, गच्चीवर किंवा सदनिकेत धुता येणार नाही.'

इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले होते, "अहो, सदनिकेत कशाला? मोटार घरात कोण नेणार?"

"उद्या कुणी चाक काढून बाथरूममध्ये नेलं तर?" मी म्हणालो होतो. सभा हसली होती. मी हसलो नव्हतो. नियम करणाऱ्यानं सगळ्या शक्यता ध्यानात घ्यायच्या असतात. शिक्षाही मीच सुचवली होती: नियम मोडणाऱ्यानं अख्खा जिना, वरपासून खालपर्यंत, स्वतःच्या हातानं पुसायचा. पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरीच बादली घेऊन स्वतःची मोटार धुताना सापडले. त्यांनी जिना पुसला तेव्हा मी खाली उभा राहून "कोपरा राहिला" असं दोन-तीनदा म्हणालो होतो. निव्वळ कर्तव्य म्हणून.

सकाळी सासरे वाचनालयात गेले. बायको कामावर गेली. मी रजेवर होतो. मेकॅनिकला बोलावून, 'तपासायची आहेत' असं गुळमुळीत सांगून, दोन्ही चाकं काढून घेतली. त्यानं मोटारसायकल लाकडी ठोकळ्यांवर उभी केली, तिच्यावर आच्छादन टाकलं आणि दुपारी बसवायला येतो म्हणाला. मी पुढचं चाक चादरीत गुंडाळलं आणि जिन्याला लागलो.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिकाबाई दारातच उभ्या होत्या. त्या नेहमीच असतात.

"काय नेताय?"

"गादी," मी म्हणालो.

"गोल?"

"पाठीसाठी असते. डॉक्टरांनी सांगितलीय."

दुसऱ्या फेरीला त्या तिथंच होत्या. या वेळी मागचं चाक होतं आणि मी घामाघूम झालो होतो. "ही बायकोची," असं त्यांनी विचारायच्या आतच मी सांगून टाकलं. बाईंनी माझ्याकडं, वर्गात उत्तर ऐकून घेतात आणि गुण मात्र देत नाहीत, तसं पाहिलं.

बाथरूममध्ये मी दार लावून घेतलं आणि कामाला लागलो. साबण झाला. कपड्यांची पावडर झाली. दातांची पेस्ट झाली. बायकोचा महागाचा शाम्पू झाला. साखळीचं तेल, रस्त्यावरची धूळ आणि डांबर यांचं मिळून जे काही होतं त्याला नुसता मळ म्हणणं मला पटेना. तो हलायचा, पण जायचा नाही. फक्त जागा बदलायचा. तासाभरानं तो फरशीवर होता, बादलीला होता, पडद्याला होता, माझ्या कोपरापर्यंत होता, आणि तरीही चाकावर पहिल्याइतकाच होता. 

शेवटी मी शिक्षिकाबाईंना फोन केला. चाकाचं नाव काढणं शक्यच नव्हतं. "आमचा एक पॅन आहे," मी म्हणालो. "त्याला फार जुना, चिकट, काळा थर बसलाय. कशानं जाईल?"

"पॅन?" बाई एकदम उत्साहात आल्या. "धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी. पण तुम्हाला नाही जमायचं. पुरुषांना घासता येत नाही, नुसतं गोंजारतात. थांबा, मीच येते."

"नको, नको!" मी म्हणालो, पण फोन बंद झाला होता.

दोन मजल्यांमध्ये किती पायऱ्या असतात ते मला त्या क्षणी अगदी नेमकं कळलं. फार कमी असतात. घरात मळलेला पॅन नव्हता. बायकोनं गेल्याच आठवड्यात आणलेला नवाकोरा नॉनस्टिक पॅन होता. काय करतोय याचा विचार करायला सवड नव्हती. मी तो बाथरूममध्ये नेला, चाकाच्या आसावरून चार बोटं भरून काळं वंगण घेतलं आणि आतबाहेर फासलं. 

बाई वाटीत सोडा आणि हातात तारेची घासणी घेऊन आल्या. पॅन पाहून त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"ह्यात शिजवता तुम्ही?"

"कधीकधी," मी म्हणालो.

"हा द्या इकडं. घरी नेऊन करते. आणि तुमचे हात बघा काय झालेत!" सोड्याची वाटी तेवढी मी मागून घेतली. दार लागल्याबरोबर मी कडी घातली आणि परत बाथरूम गाठलं.

सोड्यानं काम केलं. म्हणजे उकळतं पाणी दोन बादल्या, अख्खी वाटी सोडा आणि माझी दोन बोटं भाजल्यावर तळहाताएवढ्या जागेतली रिम पांढरी दिसली. तेवढ्या पांढऱ्या जागेकडं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीचं चाक तसंच काळं होतं, आणि दुसऱ्याला तर मी हातही लावला नव्हता.

तेवढ्यात खालून आरडाओरड ऐकू आली.

"चोरी! चोरी झाली हो!" सेक्रेटरींचा आवाज. मग माझंच नाव. वाऱ्यानं आच्छादन उडालं होतं आणि मोटारसायकल ठोकळ्यांवर बिनचाकांची, उघडी पडली होती.

खाली जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी हात धुऊन पाहिले. ते धुऊन निघण्यातले नव्हतेच. शेवटी लांब बाह्यांचा स्वेटर चढवला, दोन्ही हात खिशात खोल घातले आणि चेहऱ्यावर शक्य तितका धक्का आणून खाली गेलो.

अर्धी इमारत जमली होती. "भरदिवसा!" सेक्रेटरी म्हणाले. "दोन्ही चाकं! मी पोलिसांना फोन केलाय. ते येईपर्यंत तुम्ही तक्रार लिहून ठेवा. तुमच्याइतकं मुद्देसूद कोण लिहिणार?"

"तुम्ही लिहा, मी सांगतो," मी म्हणालो. "मला थंडी वाजतेय."

भर उन्हात, स्वेटर घालून, हात खिशात ठेवून, मी माझ्याच विरुद्ध तक्रार सांगू लागलो. आणि सांगायला लाज वाटते, पण लिखाणाची सवय वाईट असते. 'अज्ञात इसमाने अत्यंत निर्ढावलेपणे' इथपर्यंत आलो तेव्हा मला स्वतःचाच राग येऊ लागला होता. लोक माना डोलवत होते. "भुरटा नाही, सराईत आहे," कुणीतरी म्हणालं. चुकून थोडं बरंही वाटलं.

आणि फाटकातून सासरे आले. वाचनालय पाणी नसल्यामुळं लवकर बंद झालं होतं.

सगळे एकदम बोलू लागले. सासऱ्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. ते मोटारसायकलजवळ गेले, जिथं चाकं असायची तिथल्या रिकाम्या जागेकडं बघत उभे राहिले. त्यांचेही हात खिशात होते. मग ते बाजूच्या कठड्यावर हळूच बसले. बसले म्हणण्यापेक्षा खाली गेले.

मी जवळ गेलो. ते मला म्हणाले, अगदी हळू, "जाऊ द्या, जावईबापू. नाहीतरी माझ्यानं ती साफ झाली नसती."

इतक्या वर्षांत त्यांनी मला स्वतःविषयी सांगितलेली ही पहिली गोष्ट. मला एकदम फार वाईट वाटलं. अध्यक्षपद, परिपत्रकं, जिना, सगळं माझ्या डोळ्यांपुढं येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? सेक्रेटरी लेखणी सरसावून उभे होते. बायकोला दिलेला शब्दही आठवला. पण त्या कठड्यावरच्या माणसाकडं बघून गप्प बसणं मला जमेना. मी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले. कोपरापर्यंत काळे.

"चाकं वर आहेत, बाबा," मी म्हणालो. "आपल्या बाथरूममध्ये. मीच नेली. धुवायला."

 सेक्रेटरींनी कागद खाली केला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरला की मला नजर वळवावी लागली.

"म्हणजे सदनिकेत?" ते म्हणाले.

"सदनिकेत," मी म्हणालो.

सासरे माझ्या हातांकडं बघत होते. त्यांनी आपला एक हात खिशातून काढला. तो थरथरत होता, सगळ्यांसमोर. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बोटांचा वास घेतला.

"सोडा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि पाणी?"

"दोन बादल्या."

"अरे देवा," ते म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

पण पोलीस तोवर आले होते. आलेल्या जमादारांना मी, सासरे आणि सेक्रेटरी, तिघांनीही समजावून सांगितलं की चोरी झालेलीच नाही. त्यांना ते आवडलं नाही.

"फोन आला म्हणजे नोंद झाली," ते म्हणाले. "नोंद झाली म्हणजे ती चाकं चोरीची. ती मला चौकीवर नेऊन ठेवावी लागतील. उद्या सकाळी साहेब येतील, मालकानं ओळख पटवायची आणि सोडवून न्यायची."

"उद्या नाही चालणार हो!" मी जवळजवळ ओरडलो. "आज चारला खिडकी बंद होते!"

"साहेबही आज चारलाच जातात," जमादार म्हणाले. "चला, दाखवा चाकं."

मग माझ्या बाथरूमकडं मिरवणूक निघाली. पुढं जमादार, मग सासरे, मग मी, मग सेक्रेटरी आणि मागं जिन्यात मावले तेवढे सगळे. बाथरूमच्या दोरीवर माझी वाळत घातलेली अंतर्वस्त्रं होती. त्यांच्याविषयी मला काही बोलायचं नाही. त्या दिवशी इमारतीत त्यांच्याविषयी पुष्कळ बोलून झालेलं आहे.

जमादार चाकापाशी वाकले आणि त्या तळहाताएवढ्या पांढऱ्या जागेवर त्यांची नजर खिळली. "हे कशानं निघालं?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता. "आमच्या गाडीचं असंच झालंय. काही केल्या निघत नाही."

सासरे आपल्या खोलीत गेले आणि पलंगाखालून एक बाटली आणि ते फडकं घेऊन आले. बाटलीत रॉकेल होतं. "जावईबापू, फडक्यावर थोडंसं घ्या," ते म्हणाले. "टायरला लावू नका. तारेला लावा आणि जरा थांबा. घाई करू नका. आता ओढा."

मी ओढलं. तार पांढरी झाली. एकाच हातात, सबंध तार. माझ्या मागं दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"आणि पाणी?" जमादारांनी विचारलं.

"पाणी लागतच नाही," सासरे म्हणाले.

मी त्यांच्याकडं पाहिलं. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस दर रविवारी माझ्या नियमात अगदी चोख बसत होता, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

जमादारांनी तारा मोजल्यासारखं करून बाटलीचा नीट वास घेतला आणि वहीत लिहिलं: वस्तू घरातच मिळून आली. जाताना, "फडकं सुती लागतं ना?" असं विचारून गेले.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. सासरे उलट्या बादलीवर बसले. मी जमिनीवर. "ती नव्हे, खालची. आत. अजून आत. आता आसाकडं. तिथं बोट जात नाही, काडीला फडकं गुंडाळा." मी तारेमागून तार ओढत होतो आणि दर दोन तारांनी घड्याळ बघत होतो. सेक्रेटरी दारात खुर्ची टाकून बसले होते. आता थेंबभरही पाणी सांडत नव्हतं म्हणून जरा हिरमुसले होते. मध्ये एकदा सासऱ्यांनी स्वतः फडकं घ्यायला हात पुढं केला, थरथरणाऱ्या बोटांकडं पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून दिला. खिशात मात्र घातला नाही.

मेकॅनिक आला. चाकं बसली. बायको आली तेव्हा मोटारसायकल आवारात उभी होती आणि उन्हात तिच्या चाकांकडं बघताना डोळे दिपत होते. बायकोनं माझ्या हातांकडं पाहिलं, बाबांच्या हातांकडं पाहिलं, जमलेल्या लोकांकडं पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं माझा काळा हात धरून जोरात दाबला. मी कृतार्थ झालो.

नेमक्या त्याच वेळी शिक्षिकाबाई विजयी मुद्रेनं खाली आल्या. "घ्या तुमचा पॅन!" त्या म्हणाल्या. "हात गळून गेले माझे. पण सगळा काळा थर काढला. बघा कसा चांदीसारखा झालाय! आतला तर इतका चिवट होता म्हणून सांगू, जणू कारखान्यातूनच बसवून आणलाय!"

बायकोनं पॅन हातात घेतला. आतून, बाहेरून पाहिला. नॉनस्टिकचा मागमूस उरला नव्हता. तिनं माझा हात सोडला.

"आपण संध्याकाळी बोलू," ती म्हणाली आणि हेल्मेट घातलं. बाबा मागं बसले. मोटारसायकल फाटकाबाहेर गेली तेव्हा चारला फार थोडा वेळ उरला होता.

"चला," सेक्रेटरी म्हणाले. बादली आणि पोतेरं त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं.

मी वरून सुरुवात केली. सेक्रेटरी खाली खुर्चीत बसले आणि दर थोड्या वेळानं वर बघून म्हणाले, "कोपरा राहिला." मी कोपरा पुसत होतो, पण कान रस्त्याकडं होते. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला माझा हात थांबायचा. एक आली, गेली. दुसरी आली, गेली. चार वाजून गेले. खिडकी बंद झाली असेल. एखादी तार राहिली असेल का? आसाजवळची ती आतली? आजवर कुठलीच खिडकी उघडी राहावी असं मला इतकं वाटलेलं नाही. मी तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या तीनदा पुसल्या.

मग फाटकात आवाज आला. तो मी ओळखला. मोटारसायकलचा आवाज ओळखणारा मी!

सासरे एकटेच जिना चढत आले. बायको खाली गाडी लावत होती. मी ओलं पोतेरं धरून उभा राहिलो.  ते माझ्यापासून दोन पायऱ्यांवर थांबले, वाकले, आणि मी नुकत्याच पुसलेल्या पायरीवरून एक बोट फिरवलं. बोट नीट पाहिलं. मग माझ्यापुढं धरलं. ते थरथरत होतं, आणि स्वच्छ होतं.

"त्यानंही असंच केलं," ते म्हणाले. "दोन्ही चाकांवर. मग सीटला पुसायला गेला, तर पुसायला काही नव्हतंच."

"मग?"

"मग काय? पास. पाच वर्षं."

मी त्या ओल्या पायरीवरच बसलो.  सासऱ्यांनी खिशातून ते मऊ, जुनं फडकं काढलं आणि माझ्या गुडघ्यावर ठेवलं.

"रविवारी खाली ये," ते म्हणाले. "हात तुझे, नजर माझी."

जिना ओला होता, म्हणून वर जाताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. त्यांचा हात खांद्यावर थरथरत होता आणि त्यांनी तो लगेच उचलला नाही. मीही हललो नाही.

"अहो अध्यक्ष!" खालून सेक्रेटरी ओरडले. "तिसऱ्या मजल्यावर चपलांचे ठसे उमटले! परत पुसा!"

परत पुसले. त्या फडक्यानं मात्र नाही.